गोधडी आणि यंत्राचा टाका
(महिला विभागाच्या सभेतील भाषण)



गोधडी हाताने शिवावी की यंत्रावर, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. घरोघरी आजीची लुगडी ट्रंकेत विरत पडली आहेत. ती बोहारणीच्या हाती जाण्यापेक्षा यंत्रावर शिवलेली बरी. प्रश्न टाका कोणता घालावा एवढाच उरतो, पण तो किरकोळ नव्हे.

हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वरखाली जातो. यंत्राच्या टाक्यात वरचा व बॉबिनचा असे दोन दोरे थरांच्या मधोमध एकमेकांस अडकतात. टाका घट्ट बसतो, पण शिवण ताठ होते. त्यात तो बारीक घातला तर सुईच्या भोकांची रांग इतकी दाट होते की, विरलेले सुती कापड नेमके त्याच रेषेवर फाटते. म्हणून नव्या कापडास शोभणारा २ ते २.५ मिलिमीटरचा टाका येथे नको, ३.५ ते ४ मिलिमीटरचा साधा सरळ टाका आम्हांस उत्तम वाटतो. शिवण उसवता येते, जुन्या कापडावरची भोके मात्र मिटत नाहीत. तेव्हा त्याच कापडाच्या तुकड्यांचे तितकेच थर लावून आधी एक ओळ घालून पाहावी. खालच्या अंगास दोऱ्याची वेटोळी दिसली, तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल आहे असे समजावे.

नव्या यंत्रांवरील नागमोडी टाक्यांचा मुलींना मोह पडतो. गोटाच्या कडेस ते खुशाल घालावेत. अंगभर घातल्यास गोधडी चटईसारखी होते; पांघरायची वस्तू अंगाशी लपेटली पाहिजे! दोन ओळींत चार बोटांचे अंतर पुरे. आत कापूस असेल तर मात्र ओळी जवळ घ्याव्यात, नाहीतर धुताना त्याचे गोळे होतात.

थर आधी हाताने कच्चे टाके घालून बसवावेत. मग पहिली ओळ मधोमध व तेथून कडांकडे जावे. कडेकडून आत आल्यास चुण्या मध्यभागी साचतात. सुई १४ किंवा १६ नंबरची, दोरा सुती. कापडाहून मजबूत दोऱ्याचा हट्ट आम्हांस उमगत नाही. तुटला दोरा पुन्हा घालता येतो, लुगडे कोठून आणणार?

गोट अगदी शेवटी लावावा, कारण टाके पडल्यावर गोधडी लांबी-रुंदीस थोडी आटते व आधी मापून लावलेला गोट झोळ धरतो.