जुनं घर, मळकं नव्हे

गेल्या पावसाळ्यात मी एक घर बांधलं. उंची चार सेंटिमीटर. वीट-सिमेंट काही नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि डिंक.

माझ्या धाकट्या मुलाला छोट्या रेल्वेचा नाद आहे. एका फळीवर त्यानं बार्शी लाइट रेल्वे मांडायला घेतली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ही गाडी अडीच फुटी रुळांवरून सुरू झाली. १:८७ या प्रमाणात अडीच फूट म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. त्यामुळे बाजारातले ९ मिलिमीटरचे रूळ चालून जातात. "अब्बा, रुळांशेजारी आपलं घर तुम्ही करा," तो म्हणाला.

आमचं बार्शीचं माळवदाचं घर रुळांपासून शंभर पावलांवर होतं. पुढे ते आम्ही भावांनी विकलं. सही करताना मीच म्हणालो होतो, "जुनं झालंय आता." अम्मी काहीच बोलली नव्हती.

कामाला लागलो. सहा फुटी दार २१ मिलिमीटरचं झालं. पडवीच्या पन्हाळी पत्र्यासाठी ५ मिलिमीटरच्या बोल्टला स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला, आट्यांमध्ये नखानं दाबला आणि अलगद उलगडला. हुबेहूब पत्रा! काड्या उभ्या चिरून दाराच्या फळ्या केल्या. पण घर कालच बांधल्यासारखं कोरं दिसत होतं. मग काळी शाई पाण्यात पातळ करून सगळीकडे फासली. वर खडूची पूड चोळली. वाटलं, जमलं.

अम्मीला दाखवलं. ऐंशी उलटलेली अम्मी चष्मा पुसत म्हणाली, "जुना था रे अपना घर. मैला नै था."

विकलेल्या घराबद्दल ती माझ्याशी बोलली ती पहिल्यांदाच.

मग तिनंच एकेक डाग सांगितला. इंजिनाची काजळी फक्त रुळांकडच्या भिंतीवर असायची. मागची भिंत स्वच्छ. पन्हळीखाली एकच हिरवट ओघळ. भिंतीच्या तळाशी हातभर उंचीपर्यंत पावसाच्या चिखलाचे शिंतोडे. दाराची चौकट काळी पडलेली, पण जिथं येता-जाता हात टेकायचा तिथं गुळगुळीत, चकचकीत. आणि दर ईदच्या आधी चुना, त्यामुळे जुन्या पांढऱ्यावर नवा पांढरा.

मी दुसरं घर करायला घेतलं. या वेळी कुंचला उचलण्याआधी प्रत्येक डागाला विचारलं, तू आलास कुठून? पत्र्याला गंज धरतो तो आधी खिळ्याच्या भोकापाशी आणि कापलेल्या कडेला, कारण जस्ताचा थर तिथंच तुटलेला असतो. म्हणून विटेची वस्त्रगाळ पूड तिथंच लावली, बाकीचा पत्रा नुसता मंद केला. पन्हळीखालचा ओघळ एका केसाच्या कुंचल्यानं वरून खाली ओढला. तळाच्या ५ मिलिमीटरवर माती शिंपडली. चौकटीवरचा काळा रंग बोटानं घासून घासून एका जागी उजळ केला. ती जागा अम्मीच्या हाताची.

तेव्हा कळलं, घर जुनं होतं ते नुसत्या वर्षांनी नव्हे. कुणीतरी रोज त्याच जागी हात टेकतं, कुणीतरी दर ईदला चुना लावतं. सही करताना मी ज्याला 'जुनं' म्हणालो, ते अम्मीनं आयुष्यभर निगुतीनं सांभाळलेलं होतं.

लातूर-कुर्डुवाडी मार्ग २००८ पर्यंत मोठ्या मापाचा झाला. आमची छोटी गाडी गेली. घराच्या जागी आता दुकानांचे गाळे आहेत.

दुसरं घर रुळांशेजारी ठेवलं. अम्मीनं वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दरवाजा बंद कायको रखा?"

मी ब्लेडनं ते २१ मिलिमीटरचं दार सोडवलं आणि उघडं करून पुन्हा चिकटवलं.