पथारी, पान आणि दिवा

परीक्षांचे निकाल लागले की दादरच्या स्थानकावर दरवर्षी एक परिचित दृश्य दिसते. कोकणातून, साताऱ्याकडून किंवा खानदेशातून आलेला एखादा विद्यार्थी पाठीवर ओझे आणि खिशात दूरच्या नातलगाचा पत्ता घेऊन फलाटावर उभा असतो. महाविद्यालयात त्याला जागा मिळालेली असते. पण रात्री अंग टाकावयास जागा मिळेल की नाही, याची त्याला अजून शाश्वती नसते.

ही अडचण मुंबईइतकीच जुनी आहे. येथे विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली. पुढे माटुंग्यास व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशिक्षणसंस्था १९२३ साली आली, परळास सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले, आणि १९३७ साली माटुंग्यासच रुइया महाविद्यालय उघडले. विद्यालये वाढली, वसतिगृहे मात्र त्या मानाने थोडीच राहिली. मग इतके विद्यार्थी या शहरात शिकले तरी कसे?

घरी असताना मुलाला पथारी, पान आणि दिवा, म्हणजे झोपण्याची जागा, जेवण आणि अभ्यासाचा निवांतपणा, या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली मिळतात. मुंबईत त्या तीन ठिकाणी शोधाव्या लागतात. हे ज्याला लवकर उमगते तो येथे रुळतो. एकाच खोलीत तिन्ही शोधणारा मात्र निराश होतो, आणि बहुधा आपल्या ऐपतीपलीकडे भाडे भरू लागतो.

प्रथम पथारीचा विचार करू. लालबाग, परळ, चिंचपोकळी या गिरणगावात एकेका गावाच्या मंडळींनी वर्गणी काढून चाळीत खोल्या घेतल्या. त्यांना गावकऱ्यांच्या खोल्या म्हणतात. मुंबईस येणाऱ्या गावच्या माणसाला तेथे नाममात्र वर्गणीवर वळकटी पसरण्याइतकी जागा आणि एक पेटी ठेवण्याची मुभा मिळे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. म्हणून दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा माणूस येऊन आडवा होई. या खोल्यांतून गिरणीकामगारांबरोबर विद्यार्थीही राहिले. गोमंतकीयांनी धोबीतलाव आणि गिरगावच्या बाजूस आपापल्या गावांच्या नावांनी चालविलेले ‘कूड’ही याच जातीचे.

दुसरी गोष्ट पानाची. एकट्या पुरुषांच्या या खोल्यांत चूल नसे. शेजारच्या चाळीतील एखादी बाई वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करी आणि महिन्याच्या अखेरीस हिशेब होई. आजारी पडलेल्या विद्यार्थ्याची प्रथम विचारपूस करणारी व्यक्तीही पुष्कळदा हीच असे. या अन्नपूर्णांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बाहेरून आलेल्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या स्त्रियांना त्यात मानाचे पान द्यावे लागेल.

तिसरी आणि सर्वांत दुर्मिळ गोष्ट म्हणजे दिवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन परळच्या चाळीत गेले. सारे बिऱ्हाड एका खोलीत होते. वडील, रामजी सुभेदार, मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासास बसवीत; कारण घर निवांत असे ते त्याच वेळी. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथेच ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची दृष्टी त्याच्यावर गेली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. केळुसकरांच्या खटपटीने सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली तो बी. ए. झाला. खोली अपुरी होती. ती उणीव एका बागेने आणि एका जाणत्या माणसाने भरून काढली. आज हेच काम ग्रंथालयांच्या आणि गणेशोत्सव मंडळांच्या अभ्यासिका करतात. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे नाव या संदर्भात आदराने घ्यावे लागते.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा लपविणे योग्य नव्हे. गावकऱ्यांची खोली गावच्या माणसासाठी असे, आणि गावातील भेद गावाबरोबरच मुंबईस येत. आडनाव विचारून जागा नाकारण्याचा प्रकार शहरानेही सोडला नाही. आंबेडकरांनी पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या द्वारे १९२५ साली सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्यामागे हीच जाणीव होती. मुलींना तर अशा खोल्यांत थारा नव्हताच. ज्या घरात मुलगी शिकावयास बाहेर निघाली आहे, त्या घराने हे विसरता कामा नये.

१९८२ सालच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. भाडेकरूला पुनर्विकासात घर मिळते. पण जेथे दहा-वीस माणसे एका छपराखाली वाटणीने राहत, ती सामायिक पथारी नव्या सदनिकेत सहसा उरत नाही. नव्या विद्यार्थ्याला मोठी अनामत रक्कम आणि अकरा महिन्यांचा करार यांना तोंड द्यावे लागते. गावोगावच्या मंडळांनी नव्या इमारतीतील आपली खोली विकून पैसे वाटून न घेता ती शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखली, तर आजोबांनी दिलेल्या वर्गणीचे चीज होईल.

आणि मुंबईकर गृहस्थाच्याही हाती काही आहे. संध्याकाळी दार वाजते. परगावचा कोणी मुलगा किंवा मुलगी पत्ता विचारीत उभी असते. घरात जागा नसेल. पण जेवणाचा डबा कोठे मिळतो, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते, एवढे सांगण्यास जागा लागत नाही. फक्त आडनाव विचारण्यापूर्वी पाण्याचा तांब्या पुढे करावा.