वाऱ्याच्या दिवशी तलावावरची मासेमारी



१९७२ च्या दुष्काळात रोजगाराची कामे निघाली, त्यात आपल्या भागात बरेच पाझर तलाव झाले. शिवाय सोमठाण्याचा अप्पर दुधना, भोकरदनकडचे जुई आणि धामणा असे मोठे साठे जालना जिल्ह्यात आहेत. या पाण्यात कटला, रोहू, मृगळ वाढतात. शेताचं काम थांबलं की पुष्कळजण गळ घेऊन काठावर बसतात, तर काहींचं पोटच जाळ्यावर असतं. ज्येष्ठ-आषाढात वारा सुटला की दोघांपुढेही एकच प्रश्न येतो. आज जावं, की घरी बसावं?

जायला हरकत नाही. मात्र काठ कोणता, ते आधी ठरवा.

वारा एकाच अंगाने बराच वेळ वाहिला, की वरचं पाणी समोरच्या काठाकडे ढकललं जातं. त्याबरोबर शेवाळाचे बारीक कण, बारीक जीव, पडलेले किडे तिकडे जमतात. कटला हा वरच्या थरात चरणारा मासा. तो या खाद्यामागे जातो. लाटांनी काठची माती सुटते, पाणी गढूळ होतं, म्हणून मृगळासारखा तळाचा मासाही तिथे चरतो. गढूळ पाण्यात त्याला माणूस लवकर दिसत नाही, आणि लाटांमुळे पाण्यात हवाही चांगली मिसळते. म्हणजे लाटा जिथे आपटतात, तो काठ मासळीचा.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेचा काठ पाहा. हिवाळ्यात वारा फिरतो, तेव्हा काठही बदला. दुधनेसारखी नदी साधारण पूर्वेकडे वाहते, त्यामुळे पावसाळी लाटा पुष्कळदा धरणाच्या भिंतीवरच येतात. पण भिंतीच्या ओल्या दगडांवर उतरू नका, सांडव्याजवळ आणि पाणी सोडण्याच्या दाराजवळही बसू नका. भिंतीपासून दूर, मातीचा उताराचा काठ निवडा.

समोरून वारा असला की दोर मागे येतो. अशा वेळी शिसं थोडं जड लावा, काठी खाली धरा आणि लांब फेकण्याचा हट्ट सोडा. मासा काठाजवळच असतो. जमिनीचा सोंडा पाण्यात शिरलेला असेल, तर तिथे वारा आडवा घेता येतो. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड घट्ट मळून गळाला लावा. सैल गोळा लाटेने सुटतो.

आता जाळेवाल्या बंधूंसाठी महत्त्वाची गोष्ट. वारा ज्या काठावरून निघतो, तिथलं पाणी संथ दिसतं. माणूस फसतो तो इथेच. लाट तिथे जन्मते आणि पुढे पाणी जितकं लांब, तितकी ती मोठी होत जाते. थर्माकोलचा तराफा जाताना वाऱ्याबरोबर सहज जातो. परतताना तोच वारा तोंडावर येतो, हात भरून येतात आणि तराफा उलटतो. पट्टीचा पोहणाराही जाळ्यात पाय अडकला तर काय करणार?

रात्री लावलेलं जाळं सकाळी काढायचं आहे आणि वारा सुटला आहे, तर थांबा. अडकलेली मासळी खराब होईल, जाळं फाटेल, नुकसान होईल हे खरं. जाळ्यावर कर्ज असेल, तर जीव तुटेल. पण जाळं पुन्हा विणता येतं. वारा पडल्यावर जा, दोघे मिळून जा, आणि कमरेला हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा बांधा.

वळवाचं लक्षणही ओळखा. वारा एकदम पडला, आभाळ काळं झालं आणि थंड झुळूक उलट्या दिशेने आली, की गळ गुंडाळा. वीज कडाडत असताना काठावर, पाण्यात वा एकट्या झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा.

शेवटी एक विनंती. ज्या तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे, तिथे विचारूनच गळ टाका. ते बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून ते पुन्हा पुन्हा सोडावं लागतं.

तेव्हा वाऱ्याच्या दिवशी मासा काठावर येतो. तुम्हीही काठावरच राहा.