तयार घ्यावा की स्वतः जुळवावा?

गेल्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण आणि भाचा घरी आले. भाच्याच्या हातात वहीचा एक कागद होता आणि बहिणीच्या चेहऱ्यावर काळजी. दोन वर्षे महिन्याकाठी थोडे थोडे बाजूला टाकून तिने ऐंशी हजार रुपये जमवले होते. मुलाला खेळासाठी, आणि पुढे शिक्षणालाही उपयोगी पडेल असा संगणक घ्यायचा होता. ती म्हणाली, "दादा, तयार मिळतो तो घ्यावा म्हणते मी. हा म्हणतो, सुटे भाग आणून घरीच जुळवतो. पैसे पाण्यात तर जाणार नाहीत ना रे?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तुमच्याही घरी तो कधी ना कधी निघेल. म्हणून जरा सावकाश विचार करू.

मुळात संगणक घरी जुळवता येतो, याचेच काहींना नवल वाटेल. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तो बहुतांशी बाहेरून घेतलेल्या भागांचा. आणि त्याची तांत्रिक माहितीही तिने उघड केली. त्यामुळे त्यात बसणारे भाग इतरांनाही करता येऊ लागले. पुढे १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हे माप ठरवून दिले. बोर्डाचे स्क्रू कुठे यावेत, पॉवर सप्लाय कसा जोडावा, हे ठरून गेले. म्हणूनच एका कारखान्याचा बोर्ड आज दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसतो.

भाग तरी किती? प्रोसेसर आणि त्याचा पंखा, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट. खेळाच्या संगणकात मानाचे पान ग्राफिक्स कार्डाचे. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, कधी कधी निम्माही, तेच खाते.

आता तयार यंत्राची बाजू ऐका. एक पावती, एक हमी. यंत्र बंद पडले तर दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याची जबाबदारी कंपनीची. आणि सुटे भाग नेहमी स्वस्तच पडतात असेही नाही. २०२०-२१ साली करोनामुळे पुरवठा आटला, त्यातच क्रिप्टो चलन मिळवणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डे उचलली. तेव्हा नुसत्या कार्डासाठी अख्खा तयार संगणक घेणारे लोक निघाले! २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव चढले. तेव्हा खरेदीच्या दिवशी दोन्ही बेरजा मांडून पाहाव्यात, हे उत्तम.

पण तयार यंत्राची एक गोम आहे. जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड ठळक अक्षरांत असते. जिथे जाहिरात गप्प बसते तिथे पुष्कळदा काटकसर केलेली असते. उदाहरणार्थ मेमरी. साधारणपणे बोर्डाला मेमरीकडे जायच्या दोन वाटा असतात. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही वाटा चालतात. सोळाची एकच पट्टी लावली तर एक वाट ओस पडते आणि खेळ अडखळू लागतो. पॉवर सप्लायचेही तसेच. माझ्या स्वतःच्या घरी असा एक तयार संगणक आला होता. कंपनीचे नाव घेत नाही. दोन वर्षांनी मोठे कार्ड घालायला गेलो, तर पॉवर सप्लाय अपुरा; तो बदलावा म्हटले, तर त्याचा जोड त्या कंपनीचाच, बाजारातला दुसरा बसेना. कार्ड परत केले आणि गप्प बसलो.

उलट, नीट निवडलेला बोर्ड किती साथ देतो पाहा. एएमडीचे एएम-४ बोर्ड २०१७ साली ज्यांनी घेतले, त्यांतल्या अनेकांना बायॉस तेवढे अद्ययावत करून २०२२ साली आलेला प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता आला.

आपल्याकडे तिसरी वाटही आहे. कपडा तयार घ्या, घरी शिवा, नाहीतर कापड आपण निवडा आणि शिंप्याकडे टाका! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत भाग तुम्ही निवडा, दुकानदार थोड्या मजुरीत जुळवून देतो. मात्र प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. तेव्हा जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर भागांचे क्रमांक लिहून घ्या आणि खोकी फेकू नका.

मग निवड कशी करायची? मी भाच्याला एकच प्रश्न विचारला. "समज, सगळं जोडलंस, बटण दाबलंस आणि यंत्र सुरूच झालं नाही. मग काय करशील?" तो म्हणाला, "मामा, एकेक भाग काढून पाहीन." मी म्हटलं, "मग जुळव."

आणि खरोखरच पहिल्या रात्री पडदा काळाच राहिला. बहीण काही बोलली नाही; दारात उभी राहून नुसती पाहत होती. पोराचे हात कापत होते. केबल मदरबोर्डाला नाही ना लावली? नाही, कार्डालाच होती. दीड तासाने सापडले: मेमरीची एक पट्टी पुरती खाली बसली नव्हती. अंगठ्याने दाबली, टक् झाले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

ज्या घरात असा दीड तास काढायला कोणी नाही, बाजार दूर आहे किंवा परीक्षा तोंडावर आहे, तिथे तयार यंत्रच घ्यावे. त्यात कमीपणा कसला? फक्त पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: पॉवर सप्लाय कोणाचा आणि किती वॅटचा? मेमरीच्या पट्ट्या किती? बोर्ड आणि पॉवर सप्लाय बाजारच्या मापाचे आहेत ना? दुकानदार तिसऱ्या प्रश्नाला घुटमळला, तर पुढच्या दुकानाची पायरी चढा.

निघताना बहीण म्हणाली, "यापुढे बिघडला तर निदान काय झालं ते याला कळेल." ऐंशी हजारांत हेही आले, हे मात्र आमच्या कोणाच्याच हिशेबात नव्हते.