घरगुती गॅस गीझर : देखभाल आणि दक्षता

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी परसदारी तांब्याचा बंब असे. त्याचा धूर डोळ्यांत जाई, घरातील मंडळी कुरकुर करीत. परंतु त्या धुरामुळेच बंब पडवीत किंवा उघड्यावर राहिला. आता पुष्कळ घरांत त्याची जागा गॅस गीझरने घेतली आहे. या यंत्राला पाणी साठविण्याची टाकी नसते. तोटी सोडली की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो, गॅसची झडप उघडते, ठिणगी पडते आणि तांब्याच्या नळीतून जाता जाता पाणी तापते. धूर दिसत नाही, म्हणून हे यंत्र आपण थेट न्हाणीघरात नेऊन बसविले. माझ्या बोलण्याचा मुख्य रोख याच गोष्टीवर आहे. तत्पूर्वी नेहमीच्या तक्रारी पाहू.

गीझर पेटेनासा झाला की प्रथम कान द्यावा. ठिणगीची टिकटिक ऐकू येत नसेल, तर दोष बहुधा सेलचा किंवा पाण्याच्या दाबाचा असतो. माझ्या घरी एका हिवाळ्यात आम्ही दोन दिवस कुडकुडत स्नान केले. अखेर कारागीर आला, त्याने दीड व्होल्टचे दोन सेल बदलले आणि आपले शुल्क घेऊन हसत गेला! छपरावरची टाकी न्हाणीघराच्या अगदी डोक्यावर असली, तर पाण्याला पुरेसा दाब मिळत नाही. पाणी आत येते त्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरली, तरी परिणाम तोच. ती जाळी काढून धुणे कोणालाही जमण्यासारखे आहे. मात्र आधी पाणी आणि गॅस बंद करावा. टिकटिक होते पण ज्योत लागत नाही, अशा वेळी सिलिंडर व त्याची चावी पाहावी.

विहिरीच्या व कूपनलिकेच्या जड पाण्याचा प्रश्न निराळा. असे पाणी तापले की त्यातील क्षार तांब्याच्या नळीत आतून थर धरतात. धार बारीक होते, गॅस अधिक जळतो, पाणी कोमटच राहते. हा थर सौम्य आम्लाने काढावा लागतो. ते काम, आणि बर्नर उघडण्याचेही, जाणत्या कारागिराकडूनच वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यापूर्वी, करून घ्यावे. रबरी नळीवर छापलेली मुदत मात्र आपणच पाहावी आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते तपासावे. गळतीची परीक्षा काडी ओढून कधीही करू नये. गॅसचा वास आल्यास विजेच्या बटणांना हात न लावता सिलिंडर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नुसता वरचा झरोका पुरत नाही. मदतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आता मुख्य गोष्ट. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण ज्योतीवर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. त्यासाठी जवळजवळ २ घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात साडेपाच घनमीटरही हवा मावत नाही. शिवाय थंडीत आपण झरोक्याला कापड लावतो. प्राणवायू कमी पडला की निळी ज्योत पिवळी पडते, वर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. प्रथम डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. पुढे हातापायांतील बळ जाते आणि आतली कडी काढण्याचीही ताकद उरत नाही. बाहेरच्यांना वाटते, स्नान चालले आहे.

असे कोणी आढळल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि रुग्णालयात न्यावे. तेथे 'गॅस गीझर चालू होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे नेहमीचे यंत्र या विषबाधेत फसते. आकडा चांगला दाखविते. रुग्णाला प्राणवायू देणे हाच मुख्य उपचार होय.

तेव्हा गीझर व सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असावेत. शिक्षकांनी वर्गात एवढे विचारावे, "तुमच्या घरी गीझर कोठे आहे?" मुले घरी जाऊन तोच प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारतील. वसतिगृहांच्या पाहणीत सदस्यांनी न्हाणीघराचे दार उघडून पाहावे.

आमचा गीझर आम्ही मागच्या पडवीच्या भिंतीवर हलविला. खर्च झाला तो बारा फूट नळाचा. गरम पाणी येण्याआधी आता अर्धी बादली थंड पाणी निघते. ते आमच्या घरच्या मंडळी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालतात.