निवृत्तिवेतन म्हणजे राखून ठेवलेली मजुरी



सॅन होजे हे कॅलिफोर्नियातील संगणक-उद्योगाचे संपन्न शहर. २००८ च्या मंदीनंतर मात्र तेथील नगरसभेची तिजोरी आटली. २०११ साली पोलिसांनी वाटाघाटीत दहा टक्के वेतनकपात पत्करली. तरी तेवढ्याने भागले नाही.

महापौर चक रीड यांनी जून २०१२ मध्ये ‘बी’ प्रस्ताव थेट मतदारांपुढे नेला. सेवेतील नोकरांनी निवृत्तिनिधीसाठी वेतनाच्या सोळा टक्क्यांपर्यंत जादा वर्गणी द्यावी, अन्यथा कमी लाभाची योजना स्वीकारावी, असा त्याचा आशय होता. सुमारे सत्तर टक्के मतदारांनी कौल दिला.

परंतु बहुमताने करार मोडता येतो काय? डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने ही जादा वर्गणी अवैध ठरविली. वेतन घटविण्याचा नगरसभेचा अधिकार मात्र शाबूत ठेवला. म्हणजे एका दाराने वाचलेली रक्कम दुसऱ्या दाराने जाऊ शकत होती! तोवर अनेक पोलीस शहर सोडून अन्यत्र नोकरीस गेले होते. अखेर २०१५ साली उभय पक्ष तडजोडीस आले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनीच जुन्या प्रस्तावाच्या जागी तिला मान्यता दिली.

पोलीस हा राज्यसत्तेचा दंडुका खरा. पण तो हाती धरणारा पगारी नोकरच असतो. त्याचे निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, राखून ठेवलेली मजुरी आहे. तिच्यात बदल करावयाचा तर तो संघटनेसमोर बसून, हिशेब मांडूनच झाला पाहिजे. आज पोलिसांच्या बाबतीत जे खपवून घेतले जाईल, तेच उद्या सफाई कामगाराच्या वाट्याला येईल.