रक्ताचा रोग आणि यकृताचा छुपा शत्रू



आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ; त्यांतील कित्येकांना वारंवार रक्त द्यावे लागते. रक्तावाटे शिरणारा ‘हिपॅटायटिस सी’चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला, तत्पूर्वी दिलेल्या रक्ताची तशी परीक्षा शक्यच नव्हती. हा रोग वर्षानुवर्षे मुकाट राहतो. यकृत निबर झाले की प्लीहा फुगते, रक्तातील प्लेटलेट घटतात. जुन्या उपचारातील रिबाव्हिरिनने तर तांबड्या पेशीच फुटत. मुळातच रक्त कमी असलेल्याने ते सोसावे कसे? आता सोफोसबुव्हिर व डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या बहुधा १२ आठवडे घ्याव्या लागतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या विनामूल्य मिळतात. तरीही सोयरीक मोडेल या धास्तीने तपासणी टाळणारी घरे मी पाहिली आहेत. पूर्वी बाळंतपणात वा शस्त्रक्रियेत रक्त घेतलेल्या वडीलधाऱ्यांना आपणच दवाखान्यात घेऊन जावे, ही विनंती.